संगणक-जोडणीची केबल : तपासणी व दोषशोधन
(इयत्ता ६ वी ते ८ वीच्या वर्गशिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

शाळेत संगणक आले की त्यांच्यामागोमाग भिंतीच्या कडेने जाणारी निळी किंवा करडी केबलही येते. संगणकाकडे सर्वांचे लक्ष असते; केबलकडे सहसा कोणाचे नसते. पुढे एखाद्या दिवशी जोडणी बंद पडते. पडद्यावर ‘जोडणी नाही’ एवढाच संदेश उमटतो. दोष कोठे आहे, हे तो संदेश सांगत नाही. मग कोणी संगणकास नावे ठेवतो, कोणी नवी स्विचपेटी मागवावी असे सुचवितो, आणि तालुक्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत मुलांचे तास वाया जातात. शोध घेतला असता दोष पुष्कळदा काही रुपयांच्या एका कनेक्टरमध्ये निघतो.

केबल तपासण्याचा हातात मावणारा टेस्टर हे स्वस्त आणि सोपे साधन आहे. ते चालविण्यास विशेष शिक्षण लागत नाही. तथापि, त्याचे दिवे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नीट समजून घेतले नाही तर तेच साधन दिशाभूलही करते. या दोन्ही बाजूंचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. केबलच्या आत काय असते?

केबलचे वरचे आवरण सोलले असता आत आठ बारीक तारा दिसतात. त्या सुट्या नसून दोन-दोन मिळून पिळलेल्या असतात. अशा चार जोड्या होतात: नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी. प्रत्येक जोडीतील एक तार पूर्ण रंगाची असते. तिची सोबतीण पांढरी असून तिच्यावर त्याच रंगाची रेघ असते.

हा पीळ शोभेसाठी नाही. संदेश जोडीतील दोन तारांच्या विद्युत्-पातळीतील फरकाच्या रूपाने जातो. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींवरही जवळजवळ सारखाच पडतो आणि त्यांच्यातील फरक कायम राहतो. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी या युक्तीचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. आज शाळेतील संगणक त्याच युक्तीवर चालतात. चारही जोड्यांचा पीळ कमीअधिक घट्ट ठेवलेला असतो. त्यामुळे एका जोडीतील संदेशाची दुसरीत भेसळ होत नाही.

केबलच्या टोकास आठ खाचांचा पारदर्शक कनेक्टर बसवितात. त्यास आर. जे. ४५ असे म्हणण्याचा प्रघात आहे. खिटी खाली व सोनेरी पट्ट्या वर ठेवून, केबल आपल्याकडे येईल असा कनेक्टर धरला असता डावीकडून क्रमांक मोजतात. आपल्याकडे बहुधा वापरला जाणारा ‘बी’ क्रम असा आहे:

१ — पांढरी-नारिंगी
२ — नारिंगी
३ — पांढरी-हिरवी
४ — निळी
५ — पांढरी-निळी
६ — हिरवी
७ — पांढरी-तपकिरी
८ — तपकिरी

येथे एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी-शेजारी नाहीत. त्या ३ व ६ या ठिकाणी असून त्यांच्यामध्ये निळी जोडी आली आहे. पुढे ज्या फसव्या दोषाचा विचार करावयाचा आहे, त्याचे मूळ येथेच आहे.

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जी जोडणी १९९५ मध्ये प्रमाणित झाली, तिला १, २, ३ व ६ एवढ्याच तारा लागतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या १,००० मेगाबिटच्या जोडणीस आठही तारा लागतात. म्हणून ७ क्रमांकाची तार तुटली तरी जुना संगणक निर्वेध चालतो आणि नवा मात्र अडखळतो किंवा कमी वेगावर उतरतो. अशा वेळी नव्या संगणकास दोष देणे चुकीचे होय.

२. टेस्टरची ओळख

साध्या टेस्टरचे दोन भाग असतात. मुख्य भागात बॅटरी असते. दुसरा, लहान भाग केबलच्या दूरच्या टोकास लावावयाचा असतो. दोन्ही भागांवर १ ते ८ क्रमांकांचे दिवे असतात. ‘जी’ हे अक्षर असलेला आणखी एक दिवा असतो; तो धातूच्या वेष्टनाची केबल असेल तरच लागतो. साध्या केबलीत तो लागला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मुख्य भाग एकेका तारेस क्रमाने वीज देतो. ती तार अखंड असेल तर दूरच्या भागावर त्याच क्रमांकाचा दिवा लागतो. म्हणजे हा टेस्टर प्रत्येक तारेस एकच प्रश्न विचारतो: ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट मोकळी आहे काय, आणि ती कोणत्या क्रमांकाशी पोचते?’ याहून अधिक तो विचारीत नाही.

३. तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

(अ) केबलची दोन्ही टोके यंत्रांपासून सोडवावीत. एक टोक स्विचमध्ये अडकलेले असताना टेस्टर लावू नये. कॅमेरा किंवा वायरलेसची पेटी यांना काही ठिकाणी याच केबलमधून सुमारे ४८ व्होल्टची वीज पुरविलेली असते. तिच्यामुळे टेस्टर जळू शकतो.

(आ) टेस्टर घरगुती विजेच्या तारांना कधीही लावू नये. तो त्या कामाचा नाही आणि त्यात जिवाला धोका आहे.

(इ) आकाशात विजा चमकत असताना केबलला हात लावू नये. दोन स्वतंत्र इमारतींच्या दरम्यान तांब्याची केबल उघड्यावरून नेणे मुळातच धोक्याचे आहे. तेथे काचतंतूची केबल वापरणे योग्य.

(ई) प्रथम टेस्टरचीच परीक्षा घ्यावी. निर्दोष म्हणून ठाऊक असलेली एक आखूड केबल शाळेत जपून ठेवावी आणि दर वेळी आधी ती तपासावी. तिचे आठही दिवे क्रमाने लागले, तरच पुढील तपासणीवर विश्वास ठेवावा. बॅटरी उतरलेली असता चांगली केबलही वाईट ठरते.

४. तपासणीची रीत

दोन्ही टोकांस टेस्टरचे भाग लावून बटण संथ गतीवर ठेवावे. दूरच्या भागाजवळ एका विद्यार्थ्यास उभे करावे. मुख्य भागाजवळील विद्यार्थ्याने लागणाऱ्या दिव्याचा क्रमांक मोठ्याने म्हणावा आणि दूरच्या विद्यार्थ्याने आपल्यासमोर लागलेला क्रमांक सांगावा. तिसऱ्याने दोन्ही क्रमांक फळ्यावर किंवा वहीत समोरासमोर मांडावेत. ‘सगळे बरोबर आहे’ असे तोंडी उत्तर घेऊ नये. आकडे लिहूनच घ्यावेत. लिहिलेल्या आकड्यांत जे दिसते, ते भरभर लुकलुकणाऱ्या दिव्यांत निसटते.

त्यानंतर प्रत्येक कनेक्टरजवळ केबल हळूच इकडेतिकडे हलवून दिवे पुन्हा पाहावेत. हलविताना एखादा दिवा विझत असेल तर त्या टोकाची जोडणी सैल आहे. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

५. दिव्यांची भाषा

(१) दूरच्या भागावर १-२-३-४-५-६-७-८ असा क्रम आला: सर्व तारा अखंड व योग्य क्रमांकाशी जोडलेल्या आहेत.

(२) एखादा दिवा लागलाच नाही: ती तार तुटली आहे किंवा कनेक्टरच्या पट्टीखाली नीट दाबली गेली नाही.

(३) क्रम बदलला, जसे १-२-४-३-५-६-७-८: ३ व ४ या तारांची एका टोकास अदलाबदल झाली आहे.

(४) क्रम ३-६-१-४-५-२-७-८ असा आला: केबलचे एक टोक ‘बी’ क्रमाने व दुसरे ‘ए’ क्रमाने बांधलेले आहे. पूर्वी दोन संगणक परस्परांशी थेट जोडण्यासाठी अशी केबल मुद्दाम करीत. आजची बहुतेक यंत्रे ती चालवून घेतात. तरीही शाळेत एकच क्रम ठेवणे हिताचे आहे.

(५) दोन दिवे एकदम मंद लागले, किंवा दोन्ही विझलेले राहिले: त्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या असण्याचा संभव आहे. या दोषाची खूण सर्व टेस्टरांत सारखी नसते. सोबतच्या माहितीपत्रकाशी ती ताडून पाहावी.

दोष कनेक्टरमध्ये ठरल्यास तो कापून नवा बसवावा लागतो. एकदा दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरता येत नाही. दिव्यांवरून दोष कोणत्या टोकास आहे हे कळत नाही. म्हणून आधी दोन्ही टोके उजेडात धरून पाहावीत. तारांची टोके कनेक्टरच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत दाबलेले असले पाहिजे. जे टोक अधिक सदोष दिसेल ते प्रथम बदलावे, पुन्हा तपासावे, आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा. दोन्ही टोके एकदम बदलली तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

६. दिवे जे सांगत नाहीत

आता मुख्य मुद्दा. समजा, एका शाळेत उत्साही शिक्षकांनी स्वतः केबल बांधली. रंगांचा क्रम पाठ नव्हता. म्हणून त्यांनी जोड्या जशाच्या तशा ओळीने लावल्या: १-२ नारिंगी, ३-४ हिरवी, ५-६ निळी, ७-८ तपकिरी. दोन्ही टोकांस हाच क्रम ठेवला. टेस्टर लावला; आठही दिवे क्रमाने लागले. केबल ‘उत्तीर्ण’ झाली. तरीही संगणकावर धडा उघडण्यास फार वेळ लागतो, मध्येच जोडणी तुटते, आणि लांब केबलवर तर ती होतच नाही. मग स्विच बदलला जातो, संगणक दुरुस्तीस जातो. दोष मात्र जागेवरच राहतो.

याचे कारण काय? यंत्र आपला एक संदेश ३ व ६ या तारांच्या जोडीवर पाठविते. परंतु या केबलीत ३ ही हिरव्या जोडीतील आणि ६ ही निळ्या जोडीतील तार आहे. ज्या दोन तारा परस्परांभोवती पिळलेल्या असावयास हव्यात, त्या वेगवेगळ्या सोबतिणींबरोबर पिळल्या गेल्या आहेत. पिळाचे संरक्षण नाहीसे झाले आणि संदेशांत भेसळ होऊ लागली. या दोषास फुटलेली जोडी असे म्हणता येईल. वाट अखंड आहे, क्रमांकही बरोबर आहे. म्हणून दिवे खोटे बोलले नाहीत. जो प्रश्न त्यांना विचारलाच नव्हता, त्याचे उत्तर त्यांनी दिले आहे असे मानणे, ही चूक होय.

हा दोष साध्या टेस्टरला दिसत नाही. तो डोळ्यांना दिसतो. कनेक्टर पारदर्शक असतो. आतील रंग फळ्यावरील क्रमाशी ताडून पाहिले की अर्ध्या मिनिटात निर्णय होतो. म्हणून नियम असा ठेवावा: आधी रंग पाहावेत, मग दिवे पाहावेत.

दिव्यांच्या पलीकडे राहणाऱ्या आणखी तीन गोष्टी अशा:

लांबी. तांब्याच्या या केबलची मर्यादा, दोन्ही टोकांच्या आखूड तारा धरून, १०० मीटर आहे. टेस्टरचे दिवे १३० मीटरवरही आनंदाने लागतील. पुष्कळ केबलींच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन टोकांजवळील आकड्यांची वजाबाकी केली की लांबी मिळते.

धातू. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची स्वस्त केबल मिळते. तिचेही दिवे लागतात. पण ती ठिसूळ असते आणि तिचा रोध अधिक असतो. तार पात्याने खरवडली असता आत पांढरा धातू दिसतो. खरेदीच्या वेळीच हे पाहून घ्यावे.

पीळ उलगडणे. कनेक्टर बसविणे सोपे जावे म्हणून काहीजण दोन-तीन इंचांपर्यंत पीळ सोडवितात. तो अर्ध्या इंचाहून, म्हणजे १३ मिलिमीटरहून, अधिक सोडवू नये.

७. दोषाचे ठिकाण शोधणे

पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेनासे झाले तर शेतकरी साऱ्या पाटाची माती उकरीत नाही. तो मधोमध जाऊन पाहतो. तेथे पाणी असेल तर पाट पुढे फुटला आहे. नसेल तर मागे. मग उरलेल्या भागाच्या मध्यावर जाऊन तो पुन्हा तेच करतो. जोडणीचा दोषही याच रीतीने शोधावा.

समजा, मुख्याध्यापकांच्या खोलीत स्विच आहे. तेथून आखूड केबल भिंतीवरील सॉकेटपर्यंत, पुढे भिंतीतील लांब केबल संगणक-खोलीतील सॉकेटपर्यंत आणि तेथून आखूड केबल संगणकापर्यंत गेली आहे. मार्गाचे तीन तुकडे झाले. आखूड केबली हाताळल्या जातात, खुर्चीखाली चेंगरतात, केर काढताना ओढल्या जातात. म्हणून त्या प्रथम तपासाव्यात. त्या निर्दोष निघाल्या तर त्यांच्याच साहाय्याने टेस्टरचे दोन भाग दोन्ही सॉकेटांना जोडून भिंतीतील केबल तपासावी. तिन्ही तुकडे निर्दोष निघाले, रंगही जुळले, तरच स्विच किंवा संगणक यांच्याकडे वळावे.

भिंतीतील केबलीत दोष निघाल्यास डोळ्यांनी मार्ग पाहावा: उंदराने कुरतडलेली जागा, खिडकीच्या दाराखाली चेमटलेला भाग, नव्याने ठोकलेला खिळा, पावसाळ्यात ओल येणारी भिंत. सॉकेटच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल तर ओलीचा परिणाम झाला आहे असे समजावे.

अधिक किमतीचे टेस्टर दोषाचे अंतरही सांगतात. त्यांचे तत्त्व प्रतिध्वनीचे आहे. टेस्टर तारेत एक क्षणिक विद्युत्-लहर सोडतो. तुटलेल्या जागेवरून ती परत येते आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. अशा केबलीत लहरीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. त्यामुळे एक मीटर जाण्यास सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. लहर २०० नॅनोसेकंदांनी परतली तर एकेरी प्रवास १०० नॅनोसेकंदांचा झाला, म्हणजे दोष सुमारे २० मीटरवर आहे. असे यंत्र प्रत्येक शाळेस परवडणारे नाही. परंतु हे उदाहरण गणिताच्या तासास उपयोगी पडेल.

८. वर्गातील पाठ

विषय: विद्युत्-परिपथ. वेळ: दोन तासिका.

उद्दिष्ट: अखंड वाट असेल तरच वीज वाहते, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहावे, तसेच एका परीक्षेने एकच गोष्ट सिद्ध होते, हे ओळखावे.

साहित्य: टाकाऊ केबलचा दोन मीटरचा तुकडा, दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा लहान दिवा, जोडतारा.

कृती: केबलची दोन्ही टोके सोलून आठ तारा मोकळ्या कराव्यात. वीज एका तारेने जाऊन दुसरीने परत यावयास हवी. म्हणून दूरच्या टोकास कोणत्याही दोन तारा एकत्र पिळाव्यात. त्या दोन तारा कोणत्या, हे अलीकडच्या मुलांनी सेल व दिव्याच्या साहाय्याने, रंग न पाहता शोधावे. पुढे शिक्षकांनी मुलांच्या नकळत एक तार मध्येच कापून पुन्हा खेळ लावावा. मुलांनी तयार केलेला हा टेस्टरच होय.

शेवटी शिक्षकांनी वर वर्णिल्याप्रमाणे ओळीने रंग लावलेली एक केबल खऱ्या टेस्टरवर तपासून दाखवावी आणि विचारावे:

शिक्षक: आठही दिवे लागले. ही केबल चांगली आहे काय?
मुले: होय, गुरुजी.
शिक्षक: दिव्यांनी नेमके काय सांगितले?
एक मुलगी: आठही तारा तुटलेल्या नाहीत, एवढे सांगितले.
शिक्षक: ३ आणि ६ या तारा कोणाबरोबर पिळल्या आहेत, हे सांगितले काय?

या प्रश्नावर मुलांना कनेक्टर हातात देऊन पाहू द्यावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

९. नोंदवही

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांकाची चिठ्ठी लावावी. वहीत केबलचा क्रमांक, तिचा मार्ग, लांबी, तपासणीचा दिनांक, दूरच्या भागावर आलेला क्रम, रंग जुळले की नाही आणि केलेली दुरुस्ती असे रकाने आखावेत. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा तपासणी करावी. शिक्षकांची बदली होते. वही शाळेत राहते. नव्याने येणाऱ्या शिक्षकास ती पाहून पहिल्याच दिवशी काम करता येते. तंत्रज्ञास बोलावणे भागच पडले तरी वहीतील आकडे दाखविल्याने त्याचा वेळ वाचतो आणि अनावश्यक खरेदी टळते.

स्वाध्याय

(१) दूरच्या भागावर १-२-३-४-५-६-८-७ असा क्रम आला. दोष कोणता?
(२) केबलच्या एका टोकाजवळ २१४ व दुसऱ्या टोकाजवळ ३२१ हे मीटरचे आकडे छापलेले आहेत. ही केबल वापरावी काय? का?
(३) विद्युत्-लहर ३५० नॅनोसेकंदांनी परतली. दोष किती मीटरवर आहे?
(४) आठही दिवे क्रमाने लागूनही जोडणी नीट चालत नाही, याची तीन कारणे सांगा.

टेस्टरने दिलेले उत्तर खरे असते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ओळखण्याचे काम तपासणाऱ्याचे आहे. ही सवय मुलांना केबलच्या निमित्ताने लागली, तर पाण्याची तपासणी, मातीची परीक्षा किंवा वर्गातील चाचणी यांकडेही ती त्याच विवेकाने पाहू लागतील.